वर्ग पालकांच्या फोनवर नको

वडोदऱ्यातल्या कुठल्याही नव्या प्ले-स्कूलचं पत्रक हातात घ्या. एसी वर्ग, स्प्लॅश पूल आणि कार्टूनच्या चित्रांच्या रांगेत एक ओळ हमखास सापडते: ‘पालकांसाठी मोबाइलवर लाइव्ह कॅमेरा’. गोत्री, वासणा-भायली, मांजलपूर, जिकडे नव्या इमारती उभ्या राहतात तिकडे ही ओळ पोचलेली आहे. कॅमेरे बसवणं हा माझा धंदा, म्हणजे या ओळीवर थोडीफार माझीही चूल पेटते. तरी माझं म्हणणं असं आहे की वर्गात कॅमेरा असावा, त्याचं रेकॉर्डिंग नीट जपलेलं असावं, आणि ते थेट पालकांच्या फोनवर मात्र जाऊ नये.

पालकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. अडीच वर्षांच्या मुलाला ‘आज शाळेत काय झालं?’ विचारलं तर ते कालचं, परवाचं आणि स्वप्नातलं एकत्र कालवून सांगतं. त्यातून नोव्हेंबर २०१६मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात आयानं दहा महिन्यांच्या बाळाला मारल्याचं चित्रण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेलं आहे. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाला. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुऱ्यातल्या मराठी घरांची निम्मी सोयरीक ठाणे-कल्याणकडची, त्यामुळे बदलापूर इथे परगावची बातमी म्हणून आलीच नाही. ती मावशीच्या फोनवरून आली. त्यानंतर शाळेच्या पहिल्या चौकशीत आई-बापांनी फीच्या आधी कॅमेऱ्याचं विचारलं तर त्यांचं काय चुकलं?

पण त्या दोन्ही प्रकरणांत कॅमेऱ्याचं काय झालं, तेही बघायला हवं. खारघरला कॅमेरा डोक्यावर होता. बाळाच्या अंगावरच्या खुणा आधी आईच्या नजरेला पडल्या, मग रेकॉर्डिंग काढलं गेलं आणि तोच पुरावा ठरला. बदलापूरला अत्याचार झाला तो स्वच्छतागृहात. तिथे कॅमेरा लावता येत नाही आणि लावूही नये. शाळेतलं पंधरा दिवसांचं चित्रण गायब असल्याचं तेव्हाचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितलं. इतक्या लहान मुलींना स्वच्छतागृहात नेण्यासाठी महिला सेविका का नव्हती, हा प्रश्न तेव्हा सगळीकडे विचारला गेला. म्हणजे एका ठिकाणी डिस्क कामी आली, दुसऱ्या ठिकाणी डिस्कमध्ये हवं ते सापडलं नाही आणि हवी ती बाई नेमलेलीच नव्हती. या दोन प्रकरणांतून मागणी निघते ती सांभाळलेल्या रेकॉर्डिंगची आणि पुरेशा माणसांची. ‘लाइव्ह’ची मागणी त्यातून कशी निघाली, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

‘कोणीतरी बघतंय म्हटलं की आया हात उगारणार नाही,’ हे उत्तर नेहमी मिळतं. त्यात तथ्य आहे. पण धाक बसतो तो कोणीतरी नक्की बघणार आहे याचा. वीस पालकांकडे अ‍ॅप असतं तेव्हा पहिल्या आठवड्यात वीसही जण बघतात, दिवाळीपर्यंत दोन-तीन उरतात, आणि तेही स्वतःच्या मुलावरच नजर ठेवून असतात. पलीकडच्या कोपऱ्यात दुसऱ्याच्या पोराचा कान पिळला गेला तर तो कोणाला दिसणार? त्यापेक्षा आठवड्यातून एकदा, कुठलाही दिवस आणि कुठलाही अर्धा तास निवडून जबाबदार माणसानं रेकॉर्डिंग बघायचं, हा धाक पक्का. आणि त्याला इंटरनेट लागत नाही.

आता ‘लाइव्ह’ म्हणजे प्रत्यक्षात काय केलं जातं ते सांगतो, कारण पत्रकात ते नसतं. लहान शाळेत साधारण चार कॅमेरे लागतात. त्यांच्या केबली एका नेटवर्क स्विचमध्ये येतात, तिथून एनव्हीआर नावाच्या, चित्रण साठवणाऱ्या डब्यात, आणि डब्यात हार्ड डिस्क असते. कॅमेऱ्याचं चित्र सेकंदाला एक मेगाबिटच्या आसपास ठेवलं तर एक कॅमेरा दिवसाला अकरा जीबी खातो. चार कॅमेऱ्यांना एक टीबीची डिस्क तीन आठवडे पुरते, मग जुन्यावर नवं चढत जातं. हे सगळं शाळेच्या भिंतींच्या आत. लाइव्ह करायचं म्हणजे या डब्याला रस्त्यावर उघडणारं दार पाडायचं.

सर्रास चालते ती फुकटची पद्धत. एकच युजरनेम, एकच पासवर्ड, आणि तो वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. पासवर्ड म्हणजे शाळेचं नाव आणि पुढे १२३. ग्रुपमधून तो आजीकडे जातो, कॅनडातल्या मामाकडे जातो, रिक्षावाल्या काकांच्या फोनवर ‘सुटली का शाळा बघायला’ म्हणून घालून दिला जातो. जूनमध्ये मूल दुसऱ्या शाळेत गेलं तरी पासवर्ड तोच राहतो, कारण बदलला तर वीस जणांना पुन्हा समजावत बसावं लागतं. शिवाय साधा एनव्हीआर एका वेळी मोजक्याच लोकांना चित्र दाखवू शकतो; बाकीच्यांना नुसतं गोल गोल फिरणारं चक्र दिसतं. मग मॅडमचा मला फोन, ‘भाऊ, पालक ओरडतायत.’

दुसरी पद्धत पैशाची. मधे एखाद्या कंपनीचं अ‍ॅप, प्रत्येकाला वेगळं लॉगिन, ठरावीक वेळ. ही त्यातल्या त्यात बरी. पण यात वर्गाचं चित्र कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून येतं. तो सर्व्हर कुठे आहे, चित्र तिथे किती दिवस राहतं, कंपनी बंद पडली तर त्याचं काय होणार, असं विचारलं की शाळेच्या मालकिणीचा चेहरा बघण्यासारखा होतो. कारण हे तिला कोणी सांगितलेलं नसतं आणि तिनं विचारलेलं नसतं.

हे काल्पनिक भय नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं महिलांच्या तपासणीचं चित्रण यूट्यूबवर झळकलं आणि टेलिग्रामवर विकलं जात असल्याचं उघडकीला आलं. पकडलेल्यांत लातूर-सांगलीकडचेही निघाले. वडोदऱ्याहून राजकोट काही लांब नाही. एप्रिल २०२५पासून देशात विकल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांना सुरक्षेची सरकारी चाचणी सक्तीची झाली, हे उत्तमच झालं. पण किल्ली दाराला लटकवून ठेवणाऱ्याला कुलूप बनवणारा काय वाचवणार?

तरीही तंत्राचे हे मुद्दे मी दुय्यम समजतो. पैसे टाकले, शिस्त पाळली तर ते सुटतील. न सुटणारी गोष्ट वेगळीच आहे: तुमच्या फोनवर दिसणारा वर्ग तुमचा नसतो. त्या चौकटीत तुमचं एक मूल असतं आणि वीस-बावीस परक्यांची. तुम्ही संमती देऊ शकता ती तुमच्या एका मुलाची. बाकीच्यांची संमती त्यांच्या आई-बापांची, आणि त्यातल्या एकानं जरी ‘आमचं मूल दुसऱ्यांच्या फोनवर नको’ म्हटलं तर काय करणार? त्या पोराला रोज कॅमेऱ्याच्या पाठीमागे बसवणार? प्रवेश अर्जाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात संमती छापून घेतात आणि सही झाल्याशिवाय अर्ज घेत नाहीत, याला संमती म्हणायचं असेल तर प्रश्नच मिटला.

माझी थोरली बहीण जन्मभर बालमंदिरात शिकवत आली. तिच्याकडून शिकलेली एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. दोन-अडीच वर्षांची मुलं चावतात. शब्द फुटलेले नसतात, हातातली गाडी कोणी ओढली की दात रुतवतात. घराघरांत होतं, वर्गातही होतं. अशा वेळी ताईची रीत ठरलेली: चावा बसलेल्या हाताला गार पाण्याची पट्टी, संध्याकाळी आईला घडलं ते सगळं खरं सांगायचं, आणि ‘कोण चावलं?’ या प्रश्नाला हसून उत्तर द्यायचं नाही. ‘वहिनी, दोन वर्षांचं पोर होतं, एवढं कळलं तुम्हाला.’ नाव एकदा फुटलं की चावणाऱ्याच्या आईला फाटकापाशी कोणी विचारत नाही, वाढदिवसाची बोलावणी बंद होतात, आणि दोन महिन्यांनी पोराची सवय सुटली तरी ‘तो चावरा’ हे नाव काही सुटत नाही. लाइव्ह कॅमेऱ्यानं ताईच्या या रीतीचा निकाल लावला. चावा बसतो त्याच क्षणी एखाद्या फोनवर स्क्रीनशॉट निघतो, लाल बाण काढला जातो आणि ग्रुपवर पडतो. चड्डी ओली झालेलं पोर, नाक वाहणारं पोर, सारखं एकटं बसणारं पोर, सगळ्यांचं असंच. एकटं बसणाऱ्याला डॉक्टरांच्या आधी सोसायटीतल्या तीन बायकांनी नाव देऊन टाकलेलं असतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं २०१७मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या निकालात अडीच वर्षांचा नागरिक वगळलेला नाही. २०२३च्या व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती मागितली आहे, मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला बंदी आहे, आणि मोडल्यास दंड दोनशे कोटींपर्यंत जाऊ शकतो. नोव्हेंबर २०२५मध्ये त्याचे नियम आले, त्यात शाळांना शिक्षणाच्या कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती, तर पाळणाघरांना सुरक्षिततेपुरती सवलत ठेवली आहे. शाळेनं स्वतः सांभाळण्यासाठी बघणं त्यात बसतं. पण वर्गातल्या वीस घरांना एकमेकांची पोरं रोज तीन तास दाखवणं शिक्षणात किंवा सुरक्षिततेत कसं बसवायचं, ते एखाद्या वकिलानं मला समजावून द्यावं. तोवर माझ्या मते ते बसत नाही. उलट बाजूही सांगायला हवी: दिल्ली सरकारनं २०१९मध्ये सरकारी शाळांचे वर्ग पालकांना मोबाइलवर दाखवायची योजना काढली, ती सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा न्यायालयानं स्थगिती दिली नाही. तेव्हा कायद्याचा दरवाजा बंदच आहे असं मी म्हणत नाही. उघडा असला तरी आत जाऊ नये, एवढंच म्हणतो.

शिक्षिकेबद्दल तर कोणी बोलतच नाही. बालवर्गाच्या बाईंचं काम कसं असतं? जमिनीवर बसायचं, लोळायचं, गाढवासारखं ओरडायचं. पावसाच्या गाण्याला ओढणी कमरेला खोचून वर्गभर बेडूकउड्या मारायच्या. समोर वीस मुलं असतात तोवर ती हे सगळं जीव ओतून करते. तीच बाई कॅमेऱ्याखाली, वीस मुलांचे बाप, काका आणि मामा बघतायत हे माहीत असताना बेडूक होईल का? माझं काम चालू असताना मी वर्ग बघितलेले आहेत. लाइव्ह सुरू झालेल्या वर्गात बाई खुर्चीवर बसतात, मुलांना रांगेत बसवतात, हातात पुस्तक धरतात. वर्ग ‘दिसायला’ छान होतो. पालक खूश. रडणाऱ्या पोराला मांडीवर घ्यायचं तर दुसऱ्याची आई विचारेल, ‘त्यालाच का?’ म्हणून मांडी बंद. पगार तोच, आणि वर दिवसभर वीस घरांची देखरेख. याला कंटाळून चांगल्या बाया सोडून जातात, आणि चांगली बाई गेली की कॅमेऱ्यात नंतर काय दिसायचं ते दिसो.

शिवाय बघणं हे शिकावं लागतं. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पूर्वीच्या गृहविज्ञान शाखेची चेतन बालवाडी आहे. मुलांकडे कसं बघावं हे विद्यार्थिनी अशा प्रयोगशाळा-बालवाडीत शिकतात. आधी काय घडलं ते लिहायचं, त्याचा अर्थ नंतर, आणि दोन्हींची गल्लत करायची नाही. भावनगरला १९२०मध्ये गिजुभाई बधेकांनी बालमंदिर काढलं, तिथे तयार झालेल्या ताराबाई मोडकांनी पुढे मराठी मुलुखात बालशिक्षण रुजवलं. मुलाला हुकूम सोडण्याआधी त्याच्याकडे नीट बघा, हे या मंडळींनी शिक्षकांना आणि आई-बापांना परोपरीनं सांगितलं. ते बघणं जवळ बसून, वेळ देऊन, पूर्ण प्रसंग बघणं होतं. छताच्या कोपऱ्यातून, आवाज बंद, मीटिंगमध्ये टेबलाखाली चाळीस सेकंद बघणं वेगळं. त्या चाळीस सेकंदांत बाईंनी पोराचं मनगट धरलेलं दिसतं; त्याआधी ते पोर खिडकीच्या गजावर चढलेलं होतं, हे दिसत नाही. पहिल्या आठवड्यात मूल रडतं. आई फाटकाबाहेर गेली की बरीचशी मुलं थोड्या वेळात खेळायला लागतात. पण आई तेवढाच वेळ फोनवर बघते, ऑफिसात डोळे पुसते आणि दुपारी शाळेत येऊन भांडते.

आता सगळ्यात वजनदार बाजू. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, पाळीवर जाणारी आई. नवरा वाघोडियाला, सासू गावी. तिला हे सगळं तत्त्वज्ञान सांगून काय उपयोग? तिला सकाळी अकरा वाजता फक्त पोर हसतंय की नाही एवढं बघायचं असतं. तिच्या जिवाची ही कालवाकालव खरी आहे. पण तिला द्यायचं काय ते कायद्यानं आधीच लिहून ठेवलंय: प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीत आलेल्या आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत असलेल्या तरतुदीनुसार पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करायची, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं. चार वेळा! प्रत्यक्ष, उचलून घेऊन. मकरपुऱ्यातली किती तरी युनिटं पन्नासच्या आतली, त्यांना हा नियम लागतच नाही. तिथे आठ-दहा कारखान्यांनी मिळून एक पाळणाघर चालवावं, यासाठी भांडायला हवं. ते भांडण अवघड आहे. अ‍ॅप सोपं आहे, आणि त्याचा खर्च मालकाच्या खिशातून जात नाही. म्हणून सगळे अ‍ॅपवर खूश. चार भेटींच्या हक्काच्या जागी त्या बाईच्या हातात चार इंची पडदा ठेवला जातोय.

दुसरीकडे काय करतात बघा. दक्षिण कोरियात २०१५च्या सुरुवातीला पाळणाघरात शिक्षिकेनं मुलाला मारल्याचं चित्रण बाहेर आलं, देश हादरला, आणि त्याच वर्षी कायदा होऊन पाळणाघरांत कॅमेरे सक्तीचे झाले. सक्ती आहे ती रेकॉर्डिंगची: साठ दिवस ते जपायचं, शंका आली तर पालकांनी मागायचं. आपल्याकडे सीबीएसईनं जुलै २०२५मध्ये संलग्न शाळांना स्वच्छतागृहं सोडून सगळीकडे कॅमेरे आणि किमान पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवायला सांगितलं. पंधरा दिवस मला कमी वाटतात. लहान मूल एखादी गोष्ट महिन्याभरानं बोलून दाखवतं, तोवर डिस्कवर दुसरं काही चढलेलं असतं. निदान दोन महिने हवेत, आणि डिस्कला लागणारे जादा पैसे शाळेच्या वार्षिक संमेलनातल्या फुग्यांपेक्षा जास्त नाहीत.

तेव्हा शाळा मला विचारतात तेव्हा मी सांगतो ते असं. डबा लोखंडी कपाटात, इंटरनेटशी न जोडता. पासवर्डचे दोन तुकडे, एक मुख्याध्यापिकेकडे, एक पालकांनी निवडलेल्या प्रतिनिधीकडे, म्हणजे ‘नेमकं त्या दिवशी डिस्क बिघडली’ असं कोणी एकट्यानं घडवून आणू शकणार नाही. तक्रार आली की त्याच दिवशी, ऑफिसात बसून, लागेल तेवढाच तुकडा बघायचा आणि वहीत कोणी, कधी, कशासाठी बघितलं ते लिहायचं. फोन बाहेर. वर्गाच्या दाराला मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर काच. कुठल्याही पालकानं न कळवता यावं, काचेतून बघावं, आत यायचं तर चपला काढून कोपऱ्यात बसावं. नव्या मुलाच्या आईला पहिले काही दिवस सकाळी बाईंनी फोन करावा किंवा तिच्या एकट्या मुलाचा एक फोटो पाठवावा. आणि अ‍ॅपला दर महिन्याला जे पैसे जातात त्यातून आणखी एक मावशी ठेवावी. आंगणवाडीत आपल्याकडे तेडागर बहेन असते तशी, मुलांना ने-आण करणारी, शू-शीला नेणारी. जिथे कॅमेरा जाऊ शकत नाही तिथे तीच जाते.

मॅडमचं उत्तर ठरलेलं: ‘भाऊ, समोरची शाळा लाइव्ह देते, माझे प्रवेश पडतील.’ हेही खोटं नाही. एकट्या शाळेवर हे ढकलून चालणार नाही. गुजरातमध्ये खासगी पूर्वप्राथमिक शाळांची नोंदणी सक्तीची झालेली आहे. इमारतीची परवानगी आणि भाडेकरार यांवर संचालकांची आणि सरकारची ओढाताण चालू असते. त्याच अर्जात कॅमेऱ्याचे चार रकाने घालता येतील: रेकॉर्डिंग किती दिवस राहतं, किल्ली कोणाकोणाकडे, बघितल्याची वही आहे का, आणि वर्गाचं चित्र शाळेबाहेर कोणाला दिसतं. शेवटच्या रकान्यात ‘कोणालाही नाही’ याखेरीज उत्तर चालणार नाही असं ठरलं की समोरच्या शाळेचं पत्रकही पुन्हा छापावं लागेल, आणि मॅडमचे प्रवेशही पडणार नाहीत. माझ्या कामात त्यानं थोडी तूट येईल, पण मोठ्या डिस्का विकून ती भरून निघेल.